इमारतींचा बाह्य प्रकाश आणि रात्रीचे आकाश

खेड्यापाड्यांत वीज पोहोचली तेव्हा चावडीसमोर लागलेला पहिला दिवा साऱ्या गावाच्या कौतुकाचा विषय झाला होता. अंधार म्हणजे अडचण आणि विंचूकाट्याची धास्ती. उजेड म्हणजे सुरक्षितता, शिक्षण आणि प्रगती, हे समीकरण अनुभवाने लोकांच्या मनावर ठसले आणि ते रास्तच होते. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, दवाखाना, समाजमंदिर, सहकारी संस्था यांपैकी कोणत्याही इमारतीकडे रात्री पाहिले, तर तिच्या भिंतीवर वा गच्चीवर एखादा तरी प्रखर फोकस रात्रभर जळताना आढळतो. उजेड मिळवणे ही आता फारशी कठीण गोष्ट राहिलेली नाही. मिळालेल्या उजेडाचा विनियोग नीट होतो किंवा नाही, हा प्रश्न मात्र अजून फारसा कोणी विचारीत नाही.

पाटाचे पाणी पिकाच्या मुळाशी न जाता वाटेतच फुटून वाहू लागले, तर शेतकरी तत्काळ धावतो. दिव्याचा उजेड जमिनीवर न पडता आकाशात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत वाहून जातो, तेव्हा मात्र कोणीही धावत नाही. कारण हा अपव्यय डोळ्यांना अपव्यय म्हणून दिसत नाही, तो वैभवासारखा दिसतो. या अपव्ययालाच प्रकाश प्रदूषण असे म्हणतात. इमारतीच्या बाहेरील दिव्यांमुळे होणारे हे प्रदूषण कसे घडते, त्याने काय हानी होते आणि ते अल्प खर्चात कसे थांबविता येते, याचा विचार या लेखात केला आहे.

उजेड वाया कसा जातो?

बाह्य दिव्यांमुळे होणाऱ्या उपद्रवाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार डोळे दिपण्याचा. प्रखर दिवा थेट नजरेत आला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दिव्यापलीकडील सावलीतील काहीही दिसेनासे होते. दुसरा प्रकार परक्याच्या जागेत घुसणाऱ्या उजेडाचा. शाळेच्या भिंतीवरील दिवा समोरच्या घराच्या माजघरापर्यंत पोहोचतो आणि त्या घरातील माणसांची झोप मोडतो. तिसरा प्रकार आकाश उजळण्याचा. वर गेलेला प्रकाश हवेतील रेणू, धूळ आणि बाष्प यांवर आदळून चोहीकडे विखुरतो. त्याचा काही भाग पुन्हा खाली येतो आणि आकाशावर फिकट उजेडाचा पडदा पसरतो. मोठ्या शहराच्या दिशेला क्षितिजावर दुरूनच दिसणारा पिवळसर वा पांढुरका घुमट हा या विखुरलेल्या प्रकाशाचाच असतो.

विखुरण्याच्या या क्रियेत प्रकाशाच्या रंगाला फार महत्त्व आहे. हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशापेक्षा सुमारे तिपटीने अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते त्याचे कारण हेच होय. आणि निळसर पांढरे दिवे रात्रीचे आकाश अधिक नासवितात त्याचेही कारण हेच होय.

दिव्याच्या कलण्याचेही असेच आहे. भिंतीवर लावावयाच्या अनेक फोकसांचा प्रकाश सुमारे १२० अंशांच्या पंख्याप्रमाणे पसरतो. असा दिवा अगदी खाली तोंड करून बसविला, तर प्रकाश दोन्ही बाजूंना ६०-६० अंशांपर्यंत जातो आणि सर्वच्या सर्व जमिनीवर पडतो. तोच दिवा ४५ अंशांत वर कलता केला, तर त्याची वरची कड क्षितिजसमांतर रेषेच्याही १५ अंश वर जाते. हा क्षितिजालगतचा तिरपा प्रकाशच सर्वांत घातक असतो. तो हवेच्या थरांतून लांबवर प्रवास करतो आणि दूरच्या गावांचे आकाशही उजळून टाकतो. बाग किंवा प्रवेशद्वाराजवळ बसविण्यात येणाऱ्या गोल दुधी काचेच्या दिव्यांत तर जवळजवळ निम्मा प्रकाश वरच्या दिशेला जाऊ शकतो.

आकाश हरवण्याची गती

जगातील आकाशाच्या उजळपणाचा एक विस्तृत नकाशा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशाने दूषित झालेल्या आकाशाखाली राहतात आणि सुमारे एकतृतीयांश मानवजातीला आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेले दुसरे संशोधन याहूनही विचार करावयास लावणारे आहे. २०११ ते २०२२ या काळात हजारो सामान्य नागरिकांनी आपापल्या आकाशात दिसणाऱ्या ताऱ्यांची जी निरीक्षणे नोंदविली, त्यांवरून आकाशाचा उजळपणा दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ही निरीक्षणे बहुतांशी युरोप व उत्तर अमेरिकेतील होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि या गतीचा अर्थ असा की, ज्या ठिकाणी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे १०० तारेच उरतील.

आपल्याकडे या हानीची खूण परिचयाच्या गोष्टींतून पटवून घेता येते. विवाहविधीत वधूवरांना अरुंधतीचे दर्शन घडविण्याची प्रथा आहे. सप्तर्षीतील वसिष्ठाच्या शेजारचा हा मंद तारा अंधाऱ्या गावातून सहज दिसतो. उजळलेल्या शहरातून तो शोधूनही सापडत नाही. जूनमध्ये 'मृग लागला' असे आपण म्हणतो, त्या वेळी सूर्य मृग नक्षत्रात असतो. म्हणून ते नक्षत्र पाहावयाचे तर हिवाळ्यातील रात्रीच पाहिजेत. शिक्षकाने हा पाठ फळ्यावर कितीही उत्तम शिकविला, तरी शाळेच्याच आवारातील फोकसामुळे मुलांना मृगाची चार टोके तेवढी दिसत असतील आणि बाकीचे मंद तारे लोपले असतील, तर तो पाठ अपुराच राहतो. दुर्बिणी, प्रयोगशाळा आणि साधने यांसाठी निधी लागतो; आकाश ही मात्र प्रत्येक शाळेला विनामूल्य लाभलेली प्रयोगशाळा आहे.

वैज्ञानिक संशोधनालाही अंधाराची गरज असते. पुण्याच्या आयुका या संस्थेने आपली २ मीटर व्यासाची दुर्बीण पुणे शहरात न उभारता जिल्ह्यातील गिरावली येथील डोंगरावर उभारली. ती २००६ साली कार्यान्वित झाली. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तेथील आकाश जपण्याकरिता २०२२ साली त्या परिसरास गडद आकाश राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला.

सजीवांवरील परिणाम

रात्र ही केवळ माणसाच्या विश्रांतीची वेळ नव्हे. असंख्य जीवांचा तो कामाचा प्रहर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि कोकण किनाऱ्यावरील इतर गावांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले क्षितिजालगतच्या अधिक उजळ दिशेकडे धाव घेतात. निसर्गतः ती दिशा समुद्राची असते. किनाऱ्यालगतच्या विश्रामगृहावर वा घरावर प्रखर दिवा असेल, तर पिले समुद्राकडे पाठ फिरवून जमिनीकडे चालू लागतात आणि थकून, सुकून वा कुत्र्याकावळ्यांच्या तावडीत सापडून मरतात. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडाशी झाडे लखलखविणारे काजवे एकमेकांना प्रकाशानेच हाक देतात. आसपास प्रखर दिवे असले की ही हाक त्यांना ऐकूच जात नाही, असे म्हटले तरी चालेल. जोडीदार सापडत नाही आणि पुढील पिढी घटते. दिव्याभोवती रात्रभर घिरट्या घालून मरणारे कीटक आपण नित्य पाहतो. त्यांत परागीभवन करणारे पतंगही असतात, ही बाब शेतकऱ्याने ध्यानात घेण्यासारखी आहे.

मानवी शरीरातही दिवस आणि रात्र यांचे घड्याळ असते. अंधार पडल्यावर मेंदूतील ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि झोपेची तयारी होते. रात्रीच्या वेळी डोळ्यांवर पडणारा निळसर प्रकाश ही क्रिया मंदावतो. याच कारणास्तव अमेरिकेतील वैद्यक व्यावसायिकांच्या प्रमुख संघटनेने २०१६ साली रस्त्यांवरील दिवे ३,००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे असावेत, अशी शिफारस केली.

काटकसरीतून आलेली उधळपट्टी

एलईडी दिव्यांमुळे विजेची मोठी बचत झाली, यात शंका नाही. पूर्वीच्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड आज ८ ते ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. परंतु प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा दिवा आला नाही, तर ५० वॅटचा फोकस आला. वीज जवळपास तेवढीच जळू लागली आणि उजेड सहा-सात पटींनी वाढला. त्यातच बाजारात बहुधा ६,५०० केल्व्हिनचे निळसर पांढरे दिवे सहज मिळतात. त्यामुळे तेच घेतले जातात. दिव्याच्या वेष्टनावर वॅटबरोबरच 'ल्युमेन' आणि 'केल्व्हिन' हे दोन आकडेही छापलेले असतात. ल्युमेनवरून उजेडाचे प्रमाण कळते, केल्व्हिनवरून त्याचा रंग. केल्व्हिनचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश पिवळसर आणि रात्रीला मानवणारा. खरेदी करणाऱ्याने हे दोन आकडे वाचण्याची सवय लावून घेतली, तरी निम्मे काम होते.

अधिक उजेड म्हणजे अधिक सुरक्षितता काय?

दिवे कमी करण्याचा विषय निघाला की सुरक्षिततेचा मुद्दा साहजिकच पुढे येतो. तो गंभीर असून त्याचा विचार प्रथमच केला पाहिजे. अंधाऱ्या जिन्यावर, प्रसाधनगृहाच्या वाटेवर किंवा दवाखान्याच्या दारात दिवा हवाच. तेथे काटकसर करणे अयोग्य होईल. परंतु सुरक्षितता उजेडाच्या प्रखरतेवर अवलंबून नसते. आपणास नीट दिसते किंवा नाही, यावर ती अवलंबून असते. फाटकावरील फोकस येणाऱ्याच्या डोळ्यांवर रोखलेला असेल, तर त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसत नाही आणि भिंतीच्या आडोशाला दाट काळी सावली पडते. वाहनचालकाचे डोळे दिपले, तर रस्त्यावरील जनावर त्याला वेळेवर दिसत नाही. दिव्यास झाकण घालून तो जमिनीकडे वळविला की कमी वॅटमध्येही चेहरा, पायरी आणि वाट ही तिन्ही स्पष्ट दिसतात. म्हणून रखवालदाराच्या आणि महिलांच्या दृष्टीनेही सम प्रमाणात पसरलेला, न दिपविणारा उजेड अधिक उपयोगाचा ठरतो.

पाच कसोट्या

बाह्य प्रकाशयोजनेसंबंधी जगभर मान्य झालेली तत्त्वे पाच कसोट्यांत सांगता येतात. इमारतीवरील प्रत्येक दिवा या कसोट्यांवर घासून पाहावा.

१. गरज : हा दिवा कोणाला, कशासाठी हवा आहे? समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर तो काढून टाकावा. पायरीची कड पांढऱ्या रंगाने रंगविणे किंवा वाटेवर परावर्तक पट्टी लावणे यानेही कित्येकदा दिव्याचे काम भागते.

२. दिशा : उजेड जेथे हवा तेथेच पडावा. दिव्याचे तोंड खाली असावे, वर व बाजूंना अपारदर्शक झाकण असावे आणि काही अंतरावर उभे राहिल्यास दिव्याचा गोळा नजरेस पडू नये.

३. प्रमाण : काम भागेल इतकाच उजेड असावा. पांढऱ्या भिंती आणि काँक्रीटचे अंगण यांवरून परावर्तित होऊनही प्रकाश वर जातो. म्हणून केवळ दिशा बदलणे पुरेसे होत नाही.

४. वेळ : काम संपताच दिवा मालवला जावा. याकरिता टाइमर किंवा माणसाची चाहूल लागताच दिवा पेटविणारा सेन्सर बसवावा.

५. रंग : ३,००० केल्व्हिन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे पिवळसर दिवे वापरावेत. वनक्षेत्र आणि समुद्रकिनारा यांच्या सान्निध्यात तर याहूनही पिवळे, अंबर रंगाचे दिवे योग्य होत.

देवालये, ऐतिहासिक वास्तू आणि शासकीय इमारती यांच्या दर्शनी भागावर शोभेसाठी प्रकाश टाकण्यात येतो. हा प्रकाश शक्यतो वरून खाली सोडावा. खालून वर टाकणे अपरिहार्य असेल, तर झोत अरुंद ठेवून तो भिंतीच्या कडेबाहेर जाऊ देऊ नये. जुन्या वास्तूंच्या शिखरांत व कोनाड्यांत वटवाघळे आणि घुबडे राहतात, त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा अंधाऱ्या राहू द्याव्यात. फ्रान्समध्ये २०१३ सालापासून इमारतींच्या दर्शनी भागावरील दिवे रात्री उशिरात उशिरा १ वाजता बंद करण्याचा नियम करण्यात आला. आपल्याकडे रहदारी थांबल्यावर, म्हणजे १० किंवा ११ वाजता, असे दिवे मालविण्यास कोणतीही अडचण दिसत नाही. दिवाळीचा आकाशकंदील वा जत्रेची रोषणाई यांना या चर्चेत ओढण्याचे कारण नाही. त्या चार दिवसांच्या गोष्टी आहेत. विचार करावयाचा तो वर्षाच्या ३६५ रात्री जळणाऱ्या दिव्यांचा.

हिशेब काय सांगतो?

एखाद्या इमारतीवर ५० वॅटचा एक फोकस रोज १२ तास जळतो, असे समजू. एका रात्रीत तो ०.६ युनिट आणि वर्षात २१९ युनिट वीज खातो. तोच फोकस टाइमर लावून केवळ ४ तास चालविला, तर वर्षाला ७३ युनिट पुरतात. त्याऐवजी झाकण असलेला, खाली वळविलेला १५ वॅटचा दिवा ४ तास वापरला, तर वर्षाचा खर्च सुमारे २२ युनिट होतो. म्हणजे एका दिव्यामागे जवळजवळ नऊदशांश वीज वाचते. एका गावात असे दहा फोकस असले, तर ही बचत वर्षाला सुमारे दोन हजार युनिटांच्या घरात जाते. टाइमर आणि पत्र्याची झाकणे यांवरील खर्च एकदाच करावयाचा असतो. बचत मात्र दरमहा वीजबिलात दिसत राहते.

पेंचचा धडा

हे सर्व कागदावरच राहणारे नाही, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने गडद आकाश उद्यान म्हणून मान्यता दिली. असा दर्जा मिळविणारे हे भारतातील पहिले उद्यान होय. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांच्या परिसरातील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांच्या जागी प्रकाश खाली टाकणारे दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात ढकलण्यात आली नाहीत. तेथील दिवे आजही आहेत, केवळ त्यांच्या प्रकाशाची दिशा बदलली. वन्यप्राण्यांना त्यांची रात्र परत मिळाली आणि ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहावयास येणाऱ्या पर्यटकांमुळे गावाला रोजगाराची एक वाटही मिळू शकते.

आपण काय करू शकतो?

गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीच्या नित्य कर्तव्यांपैकी एक काम आहे. तेव्हा आरंभ ग्रामपंचायत कार्यालयापासूनच व्हावा. अमावास्येच्या आसपासच्या एखाद्या रात्री सदस्य, मुख्याध्यापक आणि वायरमन यांनी मिळून सार्वजनिक इमारतींभोवती एक फेरी मारावी. प्रत्येक दिव्याची जागा, वॅट, तोंडाची दिशा, रंग आणि जळण्याची वेळ यांची नोंद करावी. पन्नास पावलांवरून दिवा डोळ्यांत खुपतो काय आणि शेजारच्या घराच्या भिंतीवर त्याचा उजेड पडतो काय, हे पाहावे. पुष्कळसे दोष शिडी आणि पाना एवढ्याच साधनांनी, दिव्याचे तोंड खाली वळवून त्याच रात्री दूर होतील. उरलेल्यांची यादी करून झाकण, टाइमर व नवे दिवे यांची तरतूद पुढील अंदाजपत्रकात करता येईल. ग्रामसभेत या विषयावर ठराव झाल्यास खासगी इमारतींचे मालकही त्याचे अनुकरण करतील. २०२० साली राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानाने पंचतत्त्वांच्या रक्षणाचा विचार गावोगावी नेला. ऊर्जेची बचत आणि आकाशाचे रक्षण ही दोन्ही कामे एकाच दिव्यापाशी साधतात, हे येथे ध्यानात यावे.

शासकीय बांधकामांची अंदाजपत्रके व निविदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांवर विशेष जबाबदारी आहे. बाह्य दिव्यांच्या तपशिलात केवळ वॅटचा उल्लेख न करता झाकण, ल्युमेन, ३,००० केल्व्हिनची मर्यादा आणि टाइमर यांचाही अंतर्भाव केला, तर इमारत उभी राहतानाच दोष टळतो. नंतर तो काढत बसणे नेहमीच महाग पडते.

शिक्षकांनी मुलांकरवी एक साधा उपक्रम घ्यावा. हिवाळ्यातील निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री कृत्तिकांच्या पुंजक्यात किती तारका दिसतात, हे प्रत्येक मुलाने आपल्या अंगणातून मोजावे. अंधाऱ्या जागेतून साधारण सहा तारका साध्या डोळ्यांनी दिसतात. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ द्यावा. शाळेचे दिवे लावून एकदा आणि मालवून एकदा मोजणी केली, तर प्रकाश प्रदूषण म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागणार नाही. हीच नोंद दर वर्षी त्याच जागेवरून ठेवल्यास गावाच्या आकाशाचा इतिहास शाळेच्या दप्तरी जमा होईल.

नदी दूषित झाली तर ती स्वच्छ होण्यास वर्षे लागतात. जमिनीत मुरलेले विष पिढ्यानुपिढ्या राहते. प्रकाशाचे प्रदूषण याला अपवाद आहे. दिवा खाली वळविला, त्याला झाकण घातले, नको तेव्हा तो मालवला, की त्याच क्षणी त्याचे प्रदूषण संपते आणि त्यामागे कोणताही अवशेष राहत नाही. गावोगावच्या सार्वजनिक इमारतींनी एवढे केले, तर पायाखालची वाट उजळ राहील आणि डोक्यावरचे आकाश पुढील पिढीच्या हाती जसेच्या तसे सोपविता येईल.